‘लेस दॅन’ची उलटी चाल: सेमी-इंग्रजीच्या गणितात मुलं नेमकी कुठं अडतात

फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहून पाहा. ‘टेन लेस एक्स’. ‘टेन लेस दॅन एक्स’. ‘टेन इज लेस दॅन एक्स’. पहिलीचा अर्थ १० − क्ष. दुसरीत एक ‘दॅन’ आला आणि सगळं उलटलं: क्ष − १०. तिसरीत ‘इज’ घुसला आणि वजाबाकीच नाहीशी झाली. आता ती नुसती तुलना आहे, १० < क्ष. (तोंडी ‘एक्स’, लेखी क्ष, पुढेही तसंच.)

सेमीच्या आठवीतल्या मुलाला ‘लेस’ म्हणजे कमी आणि ‘दॅन’ म्हणजे पेक्षा हे पक्कं माहीत असतं. तरी तिन्ही ओळींसमोर तो १० − क्ष लिहून मोकळा होतो. दहा आधी दिसले, मग ‘कमी’ दिसलं, मग एक्स दिसला. दिसलं तसं उतरवलं. मग घरी म्हणतात इंग्रजी कच्चं आहे, शाळेत म्हणतात गणित कच्चं आहे, आणि मूल दोन्हीकडून बोलणी खातं.

सेमी-इंग्रजी म्हणजे बाकीचे विषय मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्यावर शाळांचा नेहमीचा उपाय म्हणजे अवघड शब्दांची यादी पाठ करून घेणं. ‘हायपोटेन्युज’ म्हणजे कर्ण, ‘पॉलिनॉमिअल’ म्हणजे बहुपदी, ‘कॉन्ग्रुअंट’ म्हणजे एकरूप. यादी चार दिवसांत पाठ होते आणि हे जड शब्द पुढे फारसा त्रासही देत नाहीत, कारण त्यांना गणिताबाहेर दुसरा अर्थच नसतो. घोळ घालतात ते बारके शब्द: ऑफ, बाय, टू, फ्रॉम, दॅन, अ, द, एनी, ईच. हे कुठल्याच यादीत नसतात, कारण ते ‘येतात’ असं सगळेच धरून चालतात.

मराठी आधी आधार सांगते

‘१२ मधून ७ वजा करा.’ ‘क्षपेक्षा ५ ने कमी.’ ‘२० ला ५ ने भागा.’ ‘६० चे ३० टक्के.’ या चारही वाक्यांत ज्या संख्येवर क्रिया करायची ती आधी येते. किती आणि काय करायचं ते मागून. त्यामुळे ऐकता ऐकता लिहीत गेलं तरी मांडणी बरोबर उतरते: १२ − ७, क्ष − ५, २० ÷ ५.

इंग्रजीत पाहा. ‘सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम ट्वेल्व्ह’, ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’, ‘थर्टी पर्सेंट ऑफ सिक्स्टी’: तिन्ही उलट. फक्त ‘डिव्हाइड ट्वेंटी बाय फाइव्ह’ सुलट. टक्क्यांचं उलटलं तरी चालून जातं, कारण गुणाकारात क्रम बदलून उत्तर बदलत नाही. वजाबाकीत ती सवलत नाही.

म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलाला जन्मापासून एक सवय लागलेली असते: वाक्याचा क्रम हाच गणिताचा क्रम. ही सवय वाईट नाही, उलट फार सोयीची आहे. फक्त तीच इंग्रजी वाक्याला लावली की ‘लेस दॅन’ आणि ‘फ्रॉम’ या दोन ठिकाणी हमखास खड्ड्यात नेते. त्यावर साधा नियम असा: ‘दॅन’ किंवा ‘फ्रॉम’ दिसला की त्याला गोल करा, आणि त्याच्या उजवीकडे जे आहे ते आधी लिहा. ‘सबट्रॅक्ट टू वाय फ्रॉम सेव्हन’ मध्ये ‘फ्रॉम’च्या उजवीकडे सात, म्हणून ७ − २य.

दुसरा नियम ‘इज’चा. ‘इज’च्या लगेच पुढे आकडा असेल आणि मग ‘लेस दॅन’ असेल, तर ‘इज’ म्हणजे बरोबरचं चिन्ह. ‘ए इज फाइव्ह लेस दॅन बी’ म्हणजे अ = ब − ५. ‘इज’ला चिकटून थेट ‘लेस दॅन’ असेल तर ती असमानता: ‘ए इज लेस दॅन बी’, अ < ब. मराठीत हा फरक ‘ने’ हा एवढासा प्रत्यय दाखवतो. ‘५ ने कमी’ म्हटलं की पाच हा फरक असतो, ‘५ पेक्षा कमी’ म्हटलं की पाच ही मर्यादा असते. इंग्रजी वाक्य ‘ने’ घालून मराठीत म्हणता येतंय का हे पाहिलं तर अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

हाच ‘ने’ इंग्रजीत ‘बाय’ होऊन येतो आणि त्याचा जोडीदार ‘टू’ शेजारी उभा असतो. ‘इन्क्रीज्ड बाय’ म्हणजे ‘ने वाढला’, ‘इन्क्रीज्ड टू’ म्हणजे ‘पर्यंत वाढला’. पगार २०,००० वरून २५,००० झाला तर तो २५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे मूळ पगाराच्या १२५ टक्क्यांपर्यंत गेला. प्रश्नात ‘बाय’ आहे की ‘टू’ यावर २५ लिहायचं की १२५ हे ठरतं, आणि तो शब्द दोन अक्षरी असल्यामुळे डोळा त्याच्यावरून घसरतो.

भिंतीवरचा तक्ता उतरवा

पुष्कळ वर्गांत एक तक्ता असतो: ‘मोअर’ म्हणजे बेरीज, ‘लेफ्ट’ म्हणजे वजाबाकी, ‘ऑफ’ म्हणजे गुणाकार. दुसरी-तिसरीत त्याने मार्क मिळतात म्हणून तो टिकून आहे. पण हे वाक्य पाहा: ‘मीनाकडे १२ गोट्या आहेत. त्या रवीच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. रवीकडे किती?’ इंग्रजीत यात ठसठशीत ‘मोअर’ येतो. तक्ता पाठ असलेलं मूल १७ लिहितं. उत्तर ७ आहे. आणि ‘द बस लेफ्ट ॲट थ्री’ मध्ये वजा करायला काहीच नाही, बस निघून गेली आहे.

हा तक्ता मुलांना वाक्य न वाचण्याची सवय लावतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायला शिकवलं तर बरं: दोघांत मोठं कोण? मीना मोठी, रवी लहान, फरक ५. एवढं ठरलं की बेरीज करायची की वजाबाकी हे आपोआप ठरतं.

सहापट विद्यार्थी

हा घोळ फक्त आपल्याकडच्या मुलांचा आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत क्लेमंट, लॉकहेड आणि मंक या तिघांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. सुमारे ३७ टक्के चुकले, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी समीकरण उलटं लिहिलं. विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची प धरली, तर व = ६प हवं; त्यांनी ६व = प लिहिलं.

कारण दोन. एक, इंग्रजी वाक्य ‘देअर आर सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडंट्स ॲज प्रोफेसर्स’ असं चालतं. सहा आधी, विद्यार्थी लगेच मागून, प्राध्यापक शेवटी. जसंच्या तसं उतरवलं की ६व = प. दुसरं कारण खोल आहे: ‘६व’ हे त्यांनी ‘सहा विद्यार्थी’ असं वाचलं. म्हणजे व ही संख्या राहिलीच नाही, नुसती चिठ्ठी झाली. सहा विद्यार्थ्यांच्या समोर एक प्राध्यापक असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तेच कागदावर उतरलं.

‘विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या ६ पट आहे’ या मराठी वाक्यात ‘६ पट’ प्राध्यापकांना चिकटून येतं, त्यामुळे निदान पहिला सापळा टळतो. पण तेच ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ असं सांगितलं की मराठी मूलही उलटं लिहू शकतं. बीजगणिताची सुरुवात करताना ‘३आ म्हणजे तीन आंबे’ असं शिकवण्याची पद्धत आहे. ऐकायला गोड, पण दुसऱ्या सापळ्याचं बी तिथंच पेरलं जातं. आ म्हणजे आंबा नव्हे. आ म्हणजे आंब्यांची संख्या, किंवा एका आंब्याची किंमत, जे काही मानलं असेल ते. म्हणून ‘लेट एक्स बी’ नंतर ‘द नंबर ऑफ’ हे शब्द वहीत लिहूनच घ्यावेत. ‘लेट एक्स बी स्टुडंट्स’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथंच थांबवावं.

तपासायला दहा सेकंद लागतात. १० प्राध्यापक घ्या, मग विद्यार्थी ६०. व = ६प मध्ये घातलं: ६० = ६०. ६व = प मध्ये घातलं: ३६० = १०. चूक स्वतःहून ओरडते.

‘ऑफ’ची माळ

दहावीच्या बीजगणितातलं ठरावीक वळण असं असतं: ‘द स्क्वेअर ऑफ द सम ऑफ टू कॉन्सिक्युटिव्ह ऑड नंबर्स’. मराठीत ‘दोन क्रमागत विषम संख्यांच्या बेरजेचा वर्ग’. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की दिसतं, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. मराठी आतून बाहेर जाते: आधी संख्या, मग बेरीज, मग वर्ग. आकडेमोडही याच क्रमाने करायची असते. इंग्रजी बाहेरून आत येते. म्हणून ‘ऑफ’ची माळ उजवीकडून सोलायची: शेवटच्या ‘ऑफ’नंतर काय आहे? दोन विषम संख्या, क्ष आणि क्ष + २. त्याच्या आधीचा थर ‘सम’: २क्ष + २. त्याच्या आधीचा ‘स्क्वेअर’: (२क्ष + २)².

थरांची अदलाबदल झाली तर ‘द सम ऑफ द स्क्वेअर्स’, म्हणजे क्ष² + (क्ष + २)². क्ष = ३ घेतला तर पहिल्याचं उत्तर ६४, दुसऱ्याचं ९ + २५ म्हणजे ३४. मराठीत ‘बेरजेचा वर्ग’ आणि ‘वर्गांची बेरीज’. ‘वर्गांची’ वरचा अनुस्वार अनेकवचन सांगतो, म्हणजे वर्ग एकाहून जास्त आहेत. इंग्रजीत तेच काम ‘स्क्वेअर्स’च्या शेवटचा ‘स’ करतो, आणि फळ्यावर घाईत लिहिताना नेमका तोच गळतो.

भागाकाराची भानगड

भागाकारात एकाच क्रियापदाला चार शेपट्या लागतात. ‘डिव्हाइड ट्वेंटी बाय फाइव्ह’ म्हणजे ४. ‘डिव्हाइड ट्वेंटी इंटू फाइव्ह ईक्वल पार्ट्स’ म्हणजेही एकेका भागात ४. ‘डिव्हाइड ट्वेंटी इन हाफ’ म्हणजे निम्मे करा, १०. आणि ‘डिव्हाइड ट्वेंटी बाय हाफ’ म्हणजे अर्ध्याने भागा, ४०. शेवटच्या दोघांत फक्त ‘इन’ आणि ‘बाय’ एवढाच फरक, उत्तरात चौपट.

मग ‘डिव्हाइड्स’ आणि ‘डिव्हायडेड बाय’. ‘फाइव्ह डिव्हाइड्स ट्वेंटी’ हे विधान आहे: ५ ने २० ला पूर्ण भाग जातो. ते खरं किंवा खोटं असतं, त्याला उत्तर नसतं. ‘फाइव्ह डिव्हायडेड बाय ट्वेंटी’ ही संख्या आहे: ०.२५. पुढे विभाज्यतेचे पुरावे लिहिताना हा फरक माहीत नसेल तर पहिल्याच ओळीत गाडी घसरते.

अ, द, एनी, ईच

मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्या जागी काहीच नसतं, म्हणून मुलं ते वाचताना गाळतात. व्याकरणाच्या पेपरात अर्धा मार्क जातो, गणितात प्रश्नच बदलतो. ‘फाइंड अ फॅक्टर ऑफ ट्वेल्व्ह’ म्हटलं तर एक विभाजक पुरे. ३ लिहिलं तरी बरोबर. ‘फाइंड द फॅक्टर्स ऑफ ट्वेल्व्ह’ म्हटलं तर १, २, ३, ४, ६, १२ हे सहाही हवेत. ‘द सोल्यूशन’ म्हणणाऱ्याने उत्तर एकच आहे असं गृहीत धरलेलं असतं.

‘एनी’ त्याहून फसवा. प्रश्नार्थक वाक्यात तो ‘एखादी’ असतो: ‘इज एनी प्राइम नंबर ईव्हन?’ होय, २ आहे. साध्या विधानात तो ‘प्रत्येक’ होतो: दोनपेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या विषम असते. आता ‘प्रूव्ह दॅट द सम ऑफ एनी टू ऑड नंबर्स इज ईव्हन’ असं आलं की मूल ३ + ५ = ८ लिहून खाली दुहेरी रेघ मारतं. त्याने ‘कोणत्याही दोन घ्या’ असं ऐकलं आणि दोन घेतल्या. खरं म्हणजे मराठी ‘कोणत्याही’चाही इथं तेवढाच दोष आहे. ‘प्रूव्ह’च्या पुढे ‘एनी’ आला की तिथं ‘प्रत्येक’ वाचायचं आणि अक्षरं घ्यायची: २म + १ आणि २न + १, बेरीज २(म + न + १).

‘ईच’ वाक्याच्या शेवटी येऊन बसतो: ‘फाइव्ह बॉक्सेस विथ ट्वेल्व्ह पेन्स ईच’. तो सुटला की ६० च्या जागी १२ उरतात. मराठीत ‘प्रत्येकी बारा’ म्हणतो किंवा सरळ शब्द दुहेरी करतो: ‘पाच खोक्यांत बारा-बारा पेनं’. बोलीतली ही द्विरुक्ती मुलाच्या अंगात मुरलेली असते, तिचा उपयोग करून घ्यावा. तसंच ‘पर’चं. व्याजाच्या गणितातलं ‘द.सा.द.शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा, त्यात दोन्ही ‘पर’ उघड दिसतात. इंग्रजीतल्या ‘एट पर्सेंट पर ॲनम’ मध्ये पहिला ‘पर’ ‘पर्सेंट’ मध्ये विरघळून गेलेला असतो.

‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ दोन शब्दांत: ‘लीस्ट’ ऐकून मुलं लहानाचं चिन्ह काढतात. ‘ॲट लीस्ट फाइव्ह’ म्हणजे किमान ५, चिन्ह ≥. ‘ॲट मोस्ट फाइव्ह’ म्हणजे जास्तीत जास्त ५, चिन्ह ≤. ५ स्वतः दोन्हींत धरायचा. संभाव्यतेच्या गणितांत हे सतत लागतं.

पुरावे लिहिताना जे ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ येतात, तिथं मराठीचा ‘च’ कामाला येतो. ‘संख्येला ४ ने भाग जात असेल तर ती सम असते’ हे ‘इफ’. ‘संख्या सम असेल तरच तिला ४ ने भाग जाऊ शकतो’ हे ‘ओन्ली इफ’. समसंख्येला ४ ने भाग जातोच असं ते म्हणत नाही, ६ ला कुठं जातो? ‘ऑर’साठीही मराठीत दोन शब्द आहेत. ‘चहा की कॉफी?’ मध्ये एकच निवडायचं असतं. ‘किंवा’ दोन्हीला वाव ठेवतो. गणितातला ‘ऑर’ हा ‘किंवा’ आहे, ‘की’ नव्हे.

मराठीही काही धुतल्या तांदळाची नाही

इंग्रजीवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. २.३५ आपण बोलताना ‘दोन पॉइंट पस्तीस’ म्हणतो आणि २.४ ला ‘दोन पॉइंट चार’. पस्तीस चारापेक्षा मोठे, म्हणून २.३५ मोठा, असा निष्कर्ष मूल काढतं. इथं इंग्रजीची ‘टू पॉइंट थ्री फाइव्ह’ ही रीत चांगली. मराठीतही ‘दोन पॉइंट तीन पाच’ असंच वाचावं.

‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि लिहायचे असतात नंतर, ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २ आणि ९. दुसरीतलं मूल ५२ लिहितं त्यात त्याच्या कानांची चूक नसते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं ते याच कारणाने. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. राज्यभर गदारोळ झाला, विनोद झाले, आणि त्यात मूळ अडचण काय होती याची चर्चा मात्र कमीच झाली.

शिवाय ‘वर्ग’ म्हणजे इयत्तेचा वर्गही आणि क्ष²ही, ‘अंश’ म्हणजे अपूर्णांकाचा वरचा आकडाही आणि कोनाचं मापही. वर्तमानपत्रातलं ‘तिपटीने वाढ’ तर दोन्ही भाषांत संदिग्ध: १०० चे ३०० झाले की ४००? ‘तिप्पट झाले’ म्हणावं. त्यात शंका राहत नाही.

एक गणित जवळून

दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यावर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या कोणती?

इंग्रजीत दुसरं वाक्य असं येतं: ‘इफ द डिजिट्स आर इंटरचेंज्ड, द रिझल्टिंग नंबर इज ट्वेंटी-सेव्हन मोअर दॅन द ओरिजिनल नंबर’. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य मानू. पहिली घसरण इथंच: मूळ संख्या क्षय अशी लिहिली जाते, म्हणजे गुणाकार. हवी १०क्ष + य. दुसरी घसरण ‘इज’पाशी. ‘इज’च्या पुढे आकडा आहे, म्हणून ते बरोबरचं चिन्ह, त्याच्या डावीकडे नवी संख्या, उजवीकडे ‘दॅन’नंतरची मूळ संख्या आणि अधिक २७:

१०य + क्ष = १०क्ष + य + २७

‘मोअर’ आणि ‘रिझल्टिंग नंबर’ एका दमात वाचणारे २७ डाव्या बाजूला मिळवतात: १०य + क्ष + २७ = १०क्ष + य. बरोबर मांडणीतून य − क्ष = ३ मिळतं, क्ष + य = ९ बरोबर सोडवलं की य = ६, क्ष = ३, संख्या ३६. चुकीच्या मांडणीतून येते ६३. दोन्हींच्या अंकांची बेरीज ९ आणि फरक २७, म्हणून मुलाला आपलं उत्तर बरोबरच वाटतं! पडताळा समीकरणात घालून घेतला तर चूक कधीच सापडणार नाही, कारण समीकरणच चुकलंय. पडताळा मूळ वाक्यात घालायचा: ६३ चे अंक उलटले की ३६, म्हणजे संख्या लहान झाली, आणि वाक्य म्हणतं मोठी व्हायला हवी.

परदेशातल्या घरांसाठी थोडं

आपण शाळेत शिकतो ती गणिताची इंग्रजीही खास आपली आहे. ‘फाइव्ह इंटू थ्री’ आपल्याकडे १५. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ‘फाइव्ह इंटू फिफ्टीन’ म्हणजे पंधराला पाचाने भाग, उत्तर ३. तिकडच्या मराठी घरांत आई-बाबा गृहपाठ घ्यायला बसले की या एका शब्दावरून जुंपते. गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणावं आणि ‘अपॉन’ऐवजी ‘ओव्हर’. ‘ए प्लस बी द होल स्क्वेअर’ हेही तिकडे कानाला अनोळखी. समलंब चौकोनाला आपण आणि इंग्रज ‘ट्रॅपेझिअम’ म्हणतो, अमेरिकन ‘ट्रॅपेझॉइड’. अमेरिकेत ‘ट्रॅपेझिअम’ म्हणजे एकही बाजू समांतर नसलेला चौकोन.

चूक कुठल्या पायरीवर झाली ते शोधायचं कसं

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. चुकलेलं गणित घेऊन मुलाला शेजारी बसवायचं आणि क्रमाने विचारायचं. हा प्रश्न मोठ्याने वाच बघू. काय काढायला सांगितलंय? कोणत्या रीतीने करशील? करून दाखव. आता उत्तर वाक्यात लिही. जिथं अडेल तिथं थांबायचं आणि तेवढंच शिकवायचं. दुसऱ्या पायरीवर अडणाऱ्या मुलाला आणखी वीस गणितं सोडवायला देऊन काही होत नाही. त्याची आकडेमोड चौथ्या पायरीची आहे आणि ती बहुधा ठीकच असते.

सेमीच्या वर्गात पहिली आणि दुसरी पायरी वेगवेगळ्या भाषांत घ्यावी: वाचायचं इंग्रजीतून, काय विचारलंय ते सांगायचं मराठीतून. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर नको. कोण मोठं, कोण लहान, फरक किती, शोधायचं काय, एवढं स्वतःच्या बोलीत सांगता आलं की पुरे. नागपूरचं मूल नागपुरीत सांगेल, सावंतवाडीचं मालवणीत; बिघडत काही नाही.

सरावाला जोड्या घ्याव्यात. ‘लेस’ आणि ‘लेस दॅन’, ‘बाय’ आणि ‘टू’, ‘सम ऑफ स्क्वेअर्स’ आणि ‘स्क्वेअर ऑफ सम’, ‘डिव्हाइड्स’ आणि ‘डिव्हायडेड बाय’, ‘इन हाफ’ आणि ‘बाय हाफ’, ‘ॲट लीस्ट’ आणि ‘लेस दॅन’. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. शिक्षकाने वाक्य म्हणायचं, मुलांनी फक्त मांडणी लिहायची, सोडवायचं नाही. सोडवायला दिलं की सगळं लक्ष आकडेमोडीकडे जातं. एखाद्या दिवशी उलट करावं: फळ्यावर क्ष − १० लिहून त्याची जमतील तेवढी इंग्रजी वाक्यं करायला सांगावीत. ‘एक्स मायनस टेन’, ‘टेन लेस दॅन एक्स’, ‘टेन सबट्रॅक्टेड फ्रॉम एक्स’, ‘एक्स डिक्रीज्ड बाय टेन’. चार तरी निघतात.

पाचवी पायरी सगळ्यात दुर्लक्षित. सहलीला १३० मुलं जाणार आहेत, एका बसमध्ये ४० बसतात. भागाकार सगळ्यांना येतो: ३.२५. ‘हाउ मेनी बसेस आर नीडेड?’ या प्रश्नाखाली ३.२५ लिहिलेलं असेल तर प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचायला लावा, उत्तर ४. प्रश्न ‘हाउ मेनी बसेस विल बी फुल?’ असा असेल तर ३. आणि ‘हाउ मेनी स्टुडंट्स विल बी इन द लास्ट बस?’ असं विचारलं असेल, तर १०.